दहा सेंटिमीटरची चौकट : घरगुती भरतयंत्राविषयी दोन जावांचा वाद

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील आटगाव हे मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावरील स्थानक असून मुंबई–नाशिक महामार्गही त्याच्या जवळूनच जातो, त्यामुळे या गावात आणि आसपासच्या पाड्यांत शिवणकाम करणाऱ्या स्त्रीला एकाच वेळी दोन बाजारांचा विचार करावा लागतो. पहिला बाजार घराशेजारचा : ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश, बारशाची झबली-टोपडी आणि लग्नसराईत हळदीच्या कपड्यांवर घालायची नावे. दुसरा कल्याणला गाडी बदलून गाठायच्या उल्हासनगरचा, जिथल्या तयार कपड्यांच्या भावाशी घरच्या शिलाईची सतत तुलना होत असते. घरगुती भरतयंत्र घ्यावे की नाही हा प्रश्न या दोन बाजारांच्या मधोमध उभा राहतो, आणि त्याचे उत्तर केवळ यंत्राच्या किमतीत शोधले तर ते हाती लागत नाही, असे येथे मांडायचे आहे.

प्रथम कोणत्या यंत्राविषयी बोलायचे ते ठरवले पाहिजे, कारण दुकानांत तीन वेगळ्या वस्तूंना सर्रास ‘एम्ब्रॉयडरी मशीन’ म्हटले जाते. पहिली वस्तू म्हणजे नेहमीचे पायमशीन, ज्यावर कापड रिंगेत ताणून हाताने फिरवत भरत करता येते. दुसरी म्हणजे तयार नक्षीचे टाके असलेले झिगझॅग मशीन. ते काठावर पानाफुलांची सरळ ओळ घालते, परंतु खिशावर शाळेचा बिल्ला काढू शकत नाही. तिसरी म्हणजे संगणकी भरतयंत्र : त्याच्या बाजूला एक सरकता दांडा असतो, कापड ताणून बसवलेली फ्रेम त्या दांड्याला अडकवतात, आणि यंत्रात घातलेल्या फाइलीप्रमाणे दोन मोटरी ती फ्रेम उभी-आडवी हलवतात. झिगझॅग मशीनला तिसऱ्या प्रकारचे समजून घरी आणल्यामुळे होणारी निराशा टाळायची असेल, तर खरेदीपूर्वी फ्रेम हलवणारा दांडा आहे की नाही एवढे पाहिले तरी पुरते.

पुढील वाद दोन जावांच्या तोंडी घातला आहे. त्या कोणी ठरावीक व्यक्ती नसून या भागात ऐकू येणाऱ्या दोन बाजू आहेत. थोरली जाऊ पायमशीनवर शिवते आणि मुलींना शिकवते. धाकटी बचत गटात आहे आणि तिला संगणकी यंत्र घ्यायचे आहे. पैसा एकाच घरातला असल्यामुळे दोघींनाही एकमेकींची समजूत पटवणे भाग आहे.

थोरली सुरुवात यंत्राच्या मुळापासून करते. “अगं, आधी एवढे लक्षात घे, की तुझ्या यंत्रात काय किंवा पायमशीनवर काय, भरताना सुई फक्त वरखाली होते आणि हलते ते कापड. तुझे यंत्र ते मोटरीने हलवणार, पायमशीनवर ते हाताने हलवता येते. प्रेसर फूट काढला, कापड पुढे ढकलणारे दाते खाली उतरवले किंवा पत्र्याने झाकले आणि कापड रिंगेत ताणून सुईखाली सरकवले, की वेल, मोर, कोयरी, हवे ते भरता येते. नवा खर्च म्हणशील तर तो रिंगेचा.”

या पद्धतीत दोन बारकावे आहेत आणि ते न सांगितल्यामुळे अनेक जणी पहिल्याच दिवशी हात टेकतात. हाताने भरताना कापड रिंगेच्या वरच्या कडेशी असते. मशीनवर मात्र रिंग उलटी धरावी लागते, म्हणजे कापड तळाशी येऊन मशीनच्या पाट्याला टेकते. दुसरा बारकावा प्रेसर फूट उचलण्याच्या दांड्याचा. फूट काढलेला असला तरी हा दांडा खाली करावाच लागतो, कारण त्याच दांड्याने वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. तो वर राहिला तर दोरा सैल सुटतो आणि कापडाखाली गुंता जमतो. गुंता खाली दिसतो म्हणून शिकणारी बाई बॉबिन काढून तपासत बसते, दोष मात्र वरच्या दोऱ्यात असतो. लाखाच्या संगणकी यंत्रावरही नवशिक्यांची सर्वाधिक पंचाईत याच गुंत्याने होते आणि तिथेही कारण बहुधा हेच निघते, ही गोष्ट थोरलीच्या बाजूला वजन देणारी आहे.

धाकटीचे उत्तर मात्र हलके नाही. “ताई, तुमचा मोर सुंदर होतो, पण तुमचे दोन मोर एकसारखे होत नाहीत, आणि नव्या मुलीला तो हात यायला किती काळ लागतो हे तुम्हीच वर्गात सांगता. शाळेच्या खिशावरचा बिल्ला मागणाऱ्याला चाळीस खिशांवर चाळीस कलाकृती नको असतात, एकच बिल्ला चाळीस वेळा हवा असतो. तिथे हाताचा वेगळेपणा दोष ठरतो.”

भरतयंत्राचा इतिहास नेमका या गरजेतून घडला आहे. म्यूलूझ येथील जोसुआ हाइलमान याने १८२८ मध्ये केलेल्या यंत्रात कारागीर मोठ्या आकारात काढलेल्या चित्रावरून एक टोक फिरवीत असे आणि सांध्यांनी जोडलेल्या दांड्यांमार्फत तीच हालचाल लहान होऊन अनेक सुयांसमोरच्या कापडाला मिळे. स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन भागातील इझाक ग्रोब्ली याने १८६३ मध्ये त्याला शिलाई मशीनप्रमाणे शटल व दुसरा दोरा जोडला, आणि १९९० मध्ये जानोमे या जपानी कंपनीने मेमरी क्राफ्ट ८००० हे संगणकी भरताचे घरगुती यंत्र बाजारात आणले. या सर्व टप्प्यांत हाताचे काम संपले नाही. ते सुईपासून दूर, आधी चित्राकडे आणि मग फाइलीकडे गेले. म्हणून दोन जावांच्या वादाचा खरा विषय हा आहे, की कापड कुठे आणि किती हलवायचे हा निर्णय कोण घेते. पायमशीनवर तो बसलेली बाई प्रत्येक टाक्याला घेते, संगणकी यंत्रावर तो फाइल करणाऱ्याने आधीच घेतलेला असतो, आणि तो फाइल करणारा कोण, हा मुद्दा या लेखात पुन्हा पुन्हा येणार आहे.

त्याआधी फ्रेमचा प्रश्न, कारण थोरलीचा सर्वांत धारदार आक्षेप तोच आहे. स्वस्त गटातल्या यंत्रांची फ्रेम बहुधा १०० मिलिमीटर लांब व तितकीच रुंद असते. “दहा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही,” थोरली म्हणते, “आणि या भागात भरताला पैसे मिळतात ते ब्लाऊजच्या पाठीला आणि बाह्यांच्या घेराला. म्हशाच्या जत्रेला बैल नेणाऱ्याने झुलीवर नाव मागितले तर तू काय करणार? रिंग सरकवत सरकवत पूर्ण झूल भरता येते.” मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील जत्रा पौष पौर्णिमेला सुरू होते आणि तिथला बैलबाजार प्रसिद्ध आहे, तेव्हा हे उदाहरण हवेतले नाही. मोठी नक्षी लहान फ्रेममध्ये तुकडे पाडून भरता येते खरी, परंतु प्रत्येक तुकड्यासाठी कापड पुन्हा ताणावे लागते, आणि आधीच्या तुकड्याशी रेघ जुळवताना झालेली एक मिलिमीटरची चूकही तयार कपड्यावर उठून दिसते.

धाकटी हा आक्षेप मान्य करते, पण त्यातून वेगळा निष्कर्ष काढते. “पाठ आणि झूल तुमच्याकडेच राहू द्या, जाऊबाई. खिसा, टोपडे, रुमाल, टोपी, दुपट्ट्याचे टोक, हे सगळे दहा सेंटिमीटरांत बसते आणि या कामांना तुम्हालाच वेळ नसतो.” येथे तिची बाजू बळकट आहे. सुरतसारख्या ठिकाणी अनेक सुयांची मोठी यंत्रे साड्यांवर एकाच वेळी भरत करतात, त्यांच्याशी घरातील एका सुईने स्पर्धा करण्याचा विचारही करू नये. मात्र अशा कारखान्याला एकाच टोपड्यावर एकच नाव घालणे परवडत नाही. एक ते चाळीस नगांचे काम हेच घरगुती यंत्राचे क्षेत्र आहे.

त्या क्षेत्रातही वेळेचा हिशेब करावा लागतो. भरताच्या जाडीचा म्हणजे ४० नंबरचा दोरा वापरला तर ओळींमधील अंतर साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात. दहा सेंटिमीटरचा चौरस पूर्ण भरायचा तर २५० ओळी पडतील, आणि टाका ४ मिलिमीटरचा धरल्यास एका ओळीत २५, म्हणजे एकूण ६,२५० टाके होतील. स्वस्त यंत्रे मिनिटाला ४०० च्या आसपास टाके घालतात, तेव्हा नुसत्या भरणीलाच सोळा मिनिटांच्या जवळपास वेळ लागतो. त्यात रंग बदलताना थांबणे, तुटलेला दोरा पुन्हा ओवणे आणि कापड ताणणे धरलेले नाही. असे चाळीस बिल्ले म्हणजे दोन दिवसांचे काम. म्हणूनच पूर्ण भरलेल्या ढालीऐवजी बारीक किनार व मधले अक्षर एवढेच भरून बाकी जागेत कापडाचा रंग दिसू देणे, ही या कामातली खरी कमाई आहे, आणि ती यंत्र शिकवीत नाही, रेखाटन शिकवते.

शिकण्याचा क्रम यावरून ठरतो. यंत्र चालू करणे, बॉबिन भरणे व सुई ओवणे एका दुपारी जमते. त्यानंतरचे काम कापडाचे आहे : कापडाखाली आधार म्हणून न विणलेले पातळ कापड किंवा जाड कागद लावतात, आणि तो आधार कोणत्या कापडाला किती लागतो यावर भरत सपाट बसणार की आक्रसणार हे ठरते. सुती खणाला फाडून काढता येणारा कागद पुरतो; टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला मात्र मागे कायम राहणारा आधार द्यावा लागतो, नाही तर धुतल्यावर नाव सुरकुतते. ताण बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी कापड उलटे करावे : सॅटिन टाक्याच्या, म्हणजे एकमेकांना चिकटून आडव्या पडणाऱ्या लांब टाक्यांच्या पट्टीत, मधला एक तृतीयांश भाग बॉबिनच्या पांढऱ्या दोऱ्याचा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला पाहिजे. ही खूण थोरलीला पाहताक्षणी समजते, कारण दोऱ्याच्या ताणाशी तिची आयुष्यभराची ओळख आहे.

मग येते फाइल, आणि येथे आटगावची धाकटी जाऊ पुस्तकांच्या व व्हिडिओंच्या पलीकडे जाते, कारण ती मराठी नावे भरणार आहे. स्वस्त यंत्रांत आधीपासून असलेली अक्षरे प्रामुख्याने रोमन असतात. देवनागरी नाव हे यंत्राच्या दृष्टीने अक्षर नसून नक्षी असते आणि ती कोणीतरी काढावी लागते. त्यासाठी इंकस्केप या मोफत चित्रप्रणालीला जोडता येणारी इंक/स्टिच ही मोफत प्रणाली उपलब्ध आहे. इंकस्केपमध्ये मराठी टंकात नाव लिहून त्याचे रेखाटनात रूपांतर करता येते आणि इंक/स्टिच त्या रेखाटनाचे टाके करते. तयार फाइल यंत्राला समजेल अशा साच्यात जतन करावी लागते : ब्रदरच्या यंत्रांसाठी पीईएस, जानोमेसाठी जेईएफ, आणि ताजिमा या कंपनीचा डीएसटी हा साचा जवळजवळ सगळीकडे चालतो, मात्र त्यात रंग नोंदलेले नसतात, फक्त रंग कुठे बदलायचा तेवढे असते.

“रेखाटनाचे टाके आपोआप होतात ना, मग शिकायचे काय उरले?” असे थोरली विचारते आणि हा प्रश्न या वादातला सर्वांत मोलाचा ठरतो. सॅटिन टाका कापडाला दोऱ्याच्या दिशेने ओढतो. शिरोरेषेचे टाके उभे पडतात, म्हणून ती आखल्यापेक्षा बारीक होते. कान्याचे टाके आडवे पडतात, म्हणून तो अरुंद होतो. आणि आधार कमी पडला तर दोहोंच्या सांध्यात फट पडून ‘राम’ची दोन अक्षरे रेषेपासून सुटलेली दिसतात. यावर उपाय असा, की काना शिरोरेषेच्या आत थोडा घुसवून काढायचा, पट्टीखाली आधी विरळ टाक्यांचे अस्तर घालायचे आणि शिरोरेषा अगदी शेवटी, पूर्ण नावावरून एकाच ओढीत भरायची.

शेवटच्या गोष्टीत आणखी एक लाभ दडलेला आहे. रोमन नावात एका अक्षराकडून दुसऱ्याकडे जाताना दोरा मोकळ्या कापडावरून उडी घेतो, आणि स्वस्त यंत्र ती उडी आपोआप कापत नसल्यास प्रत्येक नगावर कात्री चालवावी लागते. देवनागरीत मात्र जिथे शिरोरेषा येणार आहे त्याच वाटेवरून साधे धावते टाके घालत सुई पुढच्या अक्षरापर्यंत नेता येते, आणि शेवटी त्या वाटेवर शिरोरेषेची पट्टी बसली की खालचे टाके झाकले जातात. मराठी लिपीची घडण या यंत्राला इतकी अनुकूल आहे, ही बाब खरोखर आनंदाची आहे, आणि ती आपल्या लिपीत लिहिणाऱ्या व भरणाऱ्या बाईलाच सहज सुचू शकते. हा क्रम ऐकून थोरली म्हणते, “म्हणजे हे तर वेल भरण्यासारखेच झाले, आधी देठाची वाट, मग पाने, आणि देठ शेवटी जाड करायचा.” ज्या ज्ञानाला ती यंत्राविरुद्धचा पुरावा समजत होती, तेच ज्ञान फाइल करताना लागते.

पैशाच्या बाबतीत मात्र थोरली मागे हटत नाही, आणि ते योग्यच आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकामाचा समावेश असून साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखापर्यंतचे कर्ज १८ महिन्यांच्या मुदतीने मिळते. पंधरा हजारांत चांगले शिलाई मशीन येते, संगणकी भरतयंत्र येत नाही, त्यामुळे कर्जाचा विचार अटळ होतो. लाखभराचे कर्ज १८ समान हप्त्यांत फेडायचे तर दरमहा सुमारे ५,७८० रुपये लागतात. एका नावाला १०० रुपये धरले तर महिन्याला ५८ नावे केवळ हप्त्यात जातात, आणि दोरा, आधाराचे कापड, सुया, वीज व संगणक यांचा खर्च त्यावेगळा.

“दिवसाला दोन नावे, एवढेच ना?” धाकटी विचारते. थोरली तिला पंचांग दाखवते. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने होत नाहीत, शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत आषाढात लावणीला घरातले सगळे हात लागतात, गणपतीत थोडे काम येते आणि तुळशीच्या लग्नानंतरच लग्नसराईला पुन्हा सुरुवात होते. बँकेचा हप्ता मात्र प्रत्येक महिन्याला येतो. त्यात पावसाळ्यातली दमट हवा सुयांना गंज आणते, आणि वीज गेली की पायमशीन चालू राहते, संगणकी यंत्र थांबते. वीज परतल्यावर अर्धवट राहिलेल्या नेमक्या टाक्यापासून यंत्र पुढे जाऊ शकते की नाही, ही चौकशी फ्रेमच्या मापाइतकीच महत्त्वाची आहे, आणि दुरुस्तीसाठी यंत्र कुठवर न्यावे लागेल हेही आधीच विचारून ठेवले पाहिजे.

ठोक कामाच्या आशेवर कर्ज काढावे का, याबाबतही अलीकडचा अनुभव सावध करणारा आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्य शासनाने शाळांच्या गणवेशाचे कापड राज्यस्तरावरून पुरवून शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत बचत गटांकडे दिली होती, परंतु पुढील वर्षापासून गणवेशाची जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे सोपवण्यात आली. ज्या गटाने एका वर्षाच्या कामावर कायमचे यंत्र घेतले असेल, त्याची अडचण सहज लक्षात येते. धाकटी मात्र याच बदलात संधी पाहते : “ताई, समितीतली माणसे गावातलीच असतात. चाळीस-पन्नास पोरांच्या शाळेचा बिल्ला उल्हासनगरला कोणी नेणार नाही. तो आपल्या चौकटीत बसतो.” हे म्हणणे खरे आहे, फक्त त्यासाठी आधी एक-दोन शाळांशी बोलणी व्हायला हवीत आणि मग यंत्र यायला हवे.

या सर्वांवरून लेखकाचे मत असे बनते, की यंत्र धाकटीने घ्यावे, पण लगेच नाही. तिने एक लग्नसराई पायमशीनवर रिंग धरून नावे भरावीत, त्याच काळात बचत गटातल्या कोणाच्या संगणकावर मोफत प्रणालीत नावांच्या फाइली कराव्यात, आणि त्या ज्याच्याकडे यंत्र आहे अशा एखाद्या व्यावसायिकाकडून मोबदला देऊन भरून आणाव्यात. फाइल चांगली आहे की नाही हे कापडावर उतरल्याशिवाय कळत नाही, आणि बाहेर भरून आणलेल्या नगांतून गावात मागणी किती आहे त्याचाही अंदाज येतो. विकत घेतलेल्या फुलापानांच्या फाइलींवर चालणारे यंत्र त्याच फाइली असलेल्या कोणत्याही दुसऱ्या यंत्राशी केवळ भावावर झगडत राहते. स्वतः काढलेल्या नावांचे व बिल्ल्यांचे तसे नसते.

थोरलीचा शेवटचा प्रश्न त्यामुळे यंत्राविषयी नसून पावतीपुस्तकाविषयी आहे. “शाळेच्या बिल्ल्याची फाइल करायला दोन संध्याकाळी लागल्या, तर त्याचे पैसे कशात धरायचे? ब्लाऊजच्या मापाचा कागद कापून ठेवतो त्याचे कोणी वेगळे देत नाही.” धाकटीचा प्रस्ताव असा, की पहिल्या वेळी रेखाटनाची रक्कम पावतीवर स्वतंत्र ओळीत लिहावी आणि पुढच्या वर्षी तोच बिल्ला मागितला तर केवळ भरणीचा दर लावावा, फाइल शाळेने मागितली तर तीही द्यावी, कारण तिचे पैसे शाळेने भरलेले असतात. थोरलीला फाइल द्यायचे पटत नाही, स्वतंत्र ओळ मात्र पटते, आणि ब्लाऊजच्या पाठीवर स्वतः काढून दिलेल्या नक्षीसाठीही येत्या हंगामापासून तशी ओळ घालावी असे ती सुचवते.